परतीचा पत्ता खोटा : ईमेलच्या नाक्यावरील तपासणीचा इतिहास

#धागा #इतिहास

१/ ठाण्याहून घोडबंदर रोडने निघाले, की गायमुखनंतर उजव्या हाताला वसईच्या खाडीचे पाणी दिसू लागते. पुढे टेकडीवर पोर्तुगीजांनी उभारलेला घोडबंदरचा किल्ला लागतो. समुद्रातून उत्तरेच्या बाजूने ठाण्याकडे येणारी गलबते याच खाडीने येत. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीची मोहीम काढली, तेव्हा हे ठिकाण त्यांच्या ताब्यात आले. हा धागा मात्र ईमेलविषयी आहे. आलेल्याला आत घेण्यापूर्वी ‘कोठून आलात?’ असे विचारण्याची जी रीत या किनाऱ्यावर शतकानुशतके चालली, तिचाच एक अलीकडचा अध्याय येथे पाहायचा आहे.

२/ सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. जहाज कोणाचे, नाखवा कोण, कोठून कोठे निघाले, शस्त्रे किती, हे सारे त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसलेले जहाज जप्त होई. गुजरात जिंकल्यानंतर अकबरासारख्या बादशहालाही मक्केकडे जाणाऱ्या जहाजांसाठी हा परवाना घ्यावा लागला. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनीही कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा आग्रह धरला. इंग्रजांनी तो मानला नाही आणि त्यावरून वर्षानुवर्षे झुंजी झाल्या.

३/ परवाना आला, की परवान्याचा गैरवापरही येतो. १७१७ च्या बादशाही फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी मिळाली. ती कंपनीच्या मालापुरती होती. कंपनीचे नोकर मात्र आपला खासगी माल त्याच दस्तकावर खपवू लागले आणि दस्तके इतरांनाही विकू लागले. नाक्यावरचा कारकून कागद पाहून माल सोडत होता. कागदामागचा माणूस त्याला दिसत नव्हता. अखेर १७६३ मध्ये मीर कासिमने सर्वांचीच जकात माफ करून टाकली. संघर्ष पेटला आणि १७६४ मध्ये बक्सरची लढाई झाली. खोट्या ओळखीची किंमत कधी कधी राज्यालाही मोजावी लागते.

४/ आता दोन शतके ओलांडून ईमेलकडे येऊ. ईमेलचे वहन ज्या नियमांनी होते, तो एसएमटीपी हा करार जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडला. त्या काळचे जाळे काहीशे संगणकांचे होते. ते विद्यापीठांत, प्रयोगशाळांत व लष्करी संस्थांत विखुरलेले, आणि चालवणारे बहुतेक एकमेकांच्या परिचयाचे. त्यामुळे या करारात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीही तरतूद नव्हती. पाठवणारा संगणक म्हणे, ‘पत्र अमुक व्यक्तीकडून आहे’. घेणारा म्हणे, ‘ठीक’.

५/ येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. ईमेललाही कागदी पत्राप्रमाणे लिफाफा असतो. वाचकाला दिसणारे ‘फ्रॉम’ हे आतल्या कागदावरचे नाव. लिफाफ्यावरचा परतीचा पत्ता वेगळा असतो, आणि दोन संगणकांच्या संभाषणात तो आधी सांगितला जातो. पत्र पोहोचले नाही, तर ‘पोहोचवता आले नाही’ ही वर्दी या लिफाफ्यावरच्या पत्त्यावर जाते. पुढची सगळी कथा या परतीच्या पत्त्याची आहे.

६/ पत्ता लिहिला, तरी तो कोठे आहे हे कोणी सांगायचे? पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस ही नावांची जगव्यापी नोंदवही आखली. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्या नियमपत्राने तीत ‘एमएक्स’ या नोंदीचा वापर ठरवून दिला. एमएक्स नोंद म्हणजे एखाद्या नावाची टपालपेटी कोठे आहे, हे सांगणारी ओळ. ‘@’ या चिन्हापुढचे नाव घ्यायचे, नोंदवहीत त्याची एमएक्स ओळ पाहायची आणि ती ज्या सर्व्हरकडे बोट दाखवील तेथे पत्र द्यायचे. एमएक्स ओळच नसेल, तर त्या नावाच्या संगणकावर थेट पत्र द्यावे, अशीही मुभा होती.

७/ या नोंदीचा मोठा उपयोग जाळ्याशी कायम न जोडलेल्या संस्थांना झाला. त्यांच्या वतीने दुसरा संगणक पत्रे स्वीकारू लागला. भारत तेव्हा नेमका याच अवस्थेत होता. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, यांनी मिळून ‘अर्नेट’ उभारले. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवघेव सुरू झाली. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत थेट दुवा जोडला गेला. त्याच वर्षी ‘डॉट इन’ हे भारताचे नाव जागतिक नोंदवहीत चढले आणि त्याची देखभाल एनसीएसटीकडे आली.

८/ जुहूच्या त्या दुव्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. साधा हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे १२०० अक्षरे. आज भ्रमणध्वनीवर सहज पाठवले जाणारे एक मेगाबाइटचे छायाचित्र त्या तारेवरून यायला जवळपास चौदा मिनिटे लागली असती, आणि तेही तार दुसऱ्या कोणी वापरत नसेल तर. देशभरच्या संशोधकांची परदेशी पत्रे या बारीक नळीतून येत. नको असलेले पत्र म्हणजे त्या काळी नुसता वैताग नव्हता. दुसऱ्याच्या वाट्याची मिनिटे ते खाऊन टाकत असे.

९/ नको असलेली पत्रे तशी जुनीच. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना धाडली होती. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ‘ग्रीन कार्ड’ची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली आणि ‘स्पॅम’ हा शब्द घरोघरी पोहोचला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते या लाटेच्या ऐन तोंडावर.

१०/ या लाटेमागचे अर्थशास्त्र टपालाच्या इतिहासातून नीट कळते. १ ऑक्टोबर १८५४ पासून भारतात सर्वत्र चालणारी तिकिटे आली आणि पत्राचा खर्च पाठवणाऱ्याने आधीच भरावा, ही रीत रुजली. तिकीट न लावलेले ‘नॉटपेड’ पत्र आले, तर दुप्पट दंड घेणाऱ्याला पडे; पण ते नाकारण्याची मोकळीक त्याला होती. ईमेलमध्ये तिकीट नाही. दहा पत्रे धाडा की दहा लाख, पाठवणाऱ्याला फरक जवळपास शून्य. साठवण, वहन आणि निवड यांचा भार सारा घेणाऱ्यावर. म्हणून नाकारण्याचा हक्क हीच त्याच्या हातातली एकमेव ढाल उरली.

११/ पहिली तपासणी अगदी साधी होती. १९९८ मध्ये आलेल्या ‘सेंडमेल’च्या ८.९ या आवृत्तीने परक्यांची पत्रे पुढे ढकलण्याचे काम मुळातच बंद ठेवले. शिवाय लिफाफ्यावरच्या परतीच्या पत्त्यातील नाव नोंदवहीत सापडले नाही, तर पत्र नाकारण्याची रीतही नेमकी बसवली. त्याच वर्षाच्या अखेरीस वित्स व्हेनेमा यांचे ‘पोस्टफिक्स’ प्रसिद्ध झाले. त्यातही प्रशासकाला अशी अट घालता येई. विचारणा एकच: तुझे गाव अस्तित्वात आहे का? नसेल, तर आत येऊ नकोस.

१२/ या तपासणीची वेळ महत्त्वाची आहे. दोन संगणकांच्या संभाषणात आधी लिफाफा येतो, मजकूर शेवटी. परतीचा पत्ता लिफाफ्यावर असल्यामुळे मजकूर येण्याआधीच नकार देता येतो. पत्र उतरवून घेऊन, वाचून, मग फेकून देण्याचा खर्च वाचतो. घेणाऱ्याने एकदा ‘स्वीकारले’ म्हटले, की पत्राची जबाबदारी त्याच्यावर येते. दारातच नाही म्हटले, तर ती पाठवणाऱ्याकडेच राहते. नकारालाही क्रमांक आहेत. ५५० म्हणजे कायमचा नकार. ४५० म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’.

१३/ स्पॅमवाल्यांनी यातून वाट काढली. नाव नोंदवहीत असलेच पाहिजे ना? मग स्वस्तात एखादे नाव विकत घेऊ. पण त्यांच्यापुढे एक अडचण होती. लाखो पत्त्यांवर पत्रे धाडली, की त्यांतले असंख्य पत्ते मोडीत निघालेले असतात. तेवढ्या ‘पोहोचले नाही’च्या वर्द्या परतीच्या पत्त्यावर येऊन कोसळणार. तक्रारीही तेथेच येणार. म्हणजे त्यांना नाव हवे होते, पण त्या नावामागे टपालपेटी नको होती. येथे खोट्या एमएक्स नोंदीचा जन्म झाला.

१४/ खोट्या नोंदीचे प्रकार पाहण्यासारखे आहेत. सर्वांत गाजलेला क्रमांक १२७.०.०.१. जगातला प्रत्येक संगणक हा क्रमांक स्वतःसाठी वापरतो. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. टपालपेटी १२७.०.०.१ वर असल्याचे नोंदवहीत लिहिले, की वर्दी परत करू पाहणारा सर्व्हर स्वतःचेच दार ठोठावू लागतो. दुसरा प्रकार १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांचा. हे आकडे १९९६ च्या नियमपत्राने घरातील व कचेरीतील अंतर्गत जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत. तो पत्ता म्हणजे ‘बी विंग, चौथा मजला’ एवढेच लिहिण्यासारखा. इमारत कोणती, हे कळण्याची सोय नाही.

१५/ म्हणून तपासणी एक पायरी खोल गेली. आता नाव आहे का, एवढे विचारून भागत नव्हते. त्या नावाची एमएक्स ओळ ज्या सर्व्हरकडे बोट दाखवते, त्याचा क्रमांक काढून तो खरोखर बाहेरून गाठता येण्याजोगा आहे का, हे पाहावे लागले. २००४ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स २.१ मध्ये प्रशासकाला अशी यादी देता येऊ लागली: परतीच्या पत्त्याची टपालपेटी या क्रमांकांवर असेल, तर पत्र घेऊ नका. ज्याला उत्तर पाठवणेच अशक्य, त्याचे पत्र घेण्याचे कारण काय, हा त्यामागचा सरळ न्याय होता.

१६/ याच सुमारास या व्यवस्थेचा पाया एकदा हादरला होता. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’ या नावांची मूळ वही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळत असे. १५ सप्टेंबर २००३ रोजी तिने वहीत एक सर्वव्यापी ओळ घातली. त्या दिवसापासून या दोन शेवटांचे कोणतेही अस्तित्वात नसलेले नाव विचारले, तरी ‘नाही’ असे उत्तर येईना. कंपनीच्याच एका सर्व्हरचा क्रमांक येई. टंकनात चूक करणारा वाचक ‘साइट फाइंडर’ या कंपनीच्या पानावर जाऊन पडे. उद्देश व्यापारी होता.

१७/ टपालावर याचा परिणाम तत्काळ झाला. मनाला येईल ते नाव लिहा, शेवटी ‘डॉट कॉम’ जोडा, ते ‘अस्तित्वात’ ठरू लागले. पाच वर्षे जगभरच्या सर्व्हरांनी विश्वासाने विचारलेला ‘हे गाव आहे का?’ हा प्रश्न एका रात्रीत निरर्थक झाला. चुकीच्या पत्त्यांची पत्रे परतवण्यासाठी कंपनीने जो टपाल-सर्व्हर ठेवला होता, त्याचे नाव ‘स्नबी मेल रिजेक्टर डीमन’. जगभरच्या प्रशासकांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. डीएनएसचे ‘बाइंड’ हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेने काही दिवसांतच ही ओळ दुर्लक्षित करण्याची सोय पुरवली.

१८/ नावांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने ३ ऑक्टोबरला निर्वाणीचा इशारा दिला आणि ४ ऑक्टोबर २००३ रोजी ती ओळ काढली गेली. जेमतेम वीस दिवसांचे हे प्रकरण. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडली. नाक्यावरची तपासणी कारकुनाच्या हुशारीवर उभी नसते, ती वहीच्या खरेपणावर उभी असते. वहीने ‘आहे’ म्हणणे जितके मोलाचे, तितकेच तिने ‘नाही’ म्हणणेही. वही राखणाराच सर्व प्रश्नांना ‘आहे’ म्हणू लागला, तर खरा आणि खोटा यांत भेद उरत नाही. बंगालच्या दस्तकांचे तरी दुसरे काय झाले होते?

१९/ या तपासणीत निरपराधही भरडले जातात, हे नोंदवले पाहिजे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या लहान कारखान्याची कल्पना करावी. त्याचे संकेतस्थळ एकाने बनवले, टपालाची व्यवस्था दुसऱ्याने लावली, आणि एमएक्सच्या ओळीत कचेरीतील यंत्राचा १९२.१६८ चा अंतर्गत क्रमांक चुकून राहिला. त्याचे दरपत्रक ग्राहकाकडे पोहोचतच नाही. फसवण्याचा हेतू नसला, तरी नाक्यावर तो स्पॅमवाल्यासारखाच दिसतो. म्हणून जाणते प्रशासक नकाराबरोबर कारण स्पष्ट लिहितात. नोंदवहीकडून काहीच उत्तर आले नाही, तर ते ५५० न वापरता ४५० वापरतात. वही बंद आहे म्हणून गाव नाही, असे म्हणता येत नाही.

२०/ दुसरी मर्यादा अधिक मूलभूत. खोटी नोंद पकडली, तरी खऱ्या नोंदीआडचा लबाड सुटतोच. कोणी एखाद्या प्रतिष्ठित बँकेचे नाव परतीच्या पत्त्यात लिहिले, तर त्या नावाची टपालपेटी अस्सलच असणार. यावर उपाय म्हणून पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी हे नियम आले. पहिला कोणत्या सर्व्हरांना त्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार आहे हे सांगतो, दुसरा पत्रावर गणिती मोहोर उमटवतो, तिसरा या दोन्हींचा मेळ वाचकाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी घालतो. जुन्या सनदेवर शिक्का आणि मोर्तब दोन्ही पाहत, तसाच हा प्रकार.

२१/ कायद्याने काय केले? येथे कथा पुन्हा घोडबंदरच्या खाडीपाशी येते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६६अ मध्ये, पत्र कोठून आले याविषयी घेणाऱ्याची दिशाभूल करणाऱ्या ईमेललाही शिक्षा होती. पण त्याच कलमात ‘त्रासदायक’ वाटणाऱ्या मजकुराला शिक्षा देणारी अतिशय सैल भाषाही होती. खाडीपलीकडचे पालघर नोव्हेंबर २०१२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून तेथे दोन तरुणींना अटक झाली आणि देशभर गदारोळ उठला. श्रेया सिंघल यांनी या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

२२/ २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने संपूर्ण कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी हा निकाल मैलाचा दगड आहे, यात शंका नाही. मात्र त्या कलमाबरोबर ईमेलच्या खोट्या उगमाविषयीचे वाक्यही गेले. तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यासाठी ६६ड आहे. पण फसवणूक सिद्ध होण्याआधीच्या, नुसत्या खोट्या परतीच्या पत्त्याचा बंदोबस्त पुन्हा टपाल-सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांवरच येऊन पडला. कायदा सैल लिहिला, तर त्यातला रास्त भागही टिकत नाही.

२३/ खोट्या उगमाची हानी किती मोठी असू शकते, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसले. घोडबंदर रोडच्या पश्चिम टोकाजवळच्या मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले. अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथून अमेरिकेतील लोकांना फोनवर धमकावले जात होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशा फसवणुकीप्रकरणी ६१ व्यक्ती व संस्थांवर आरोप ठेवले. माध्यम टेलिफोनचे होते, पण युक्ती तीच: आवाज येतो, तो कोठून येतो हे ऐकणाऱ्याला पडताळता येत नाही. कित्येक सामान्य माणसांची आयुष्यभराची पुंजी त्यात गेली.

२४/ या इतिहासातील सर्वांत शहाणी सुधारणा मात्र अगदी लहान आहे. जून २०१५ मध्ये जॉन लेव्हिन आणि मार्क डिलेनी यांच्या नियमपत्राने ‘नल एमएक्स’ अधिकृत केले. ज्या नावाला टपाल घ्यायचेच नाही, त्याने एमएक्सच्या जागी फक्त एक टिंब लिहावे. अर्थ: येथे टपालपेटी नाही. १२७.०.०.१ लिहिणारा ‘आहे’ म्हणून चकवतो. टिंब लिहिणारा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. आणि अशा नावाने कोणी पत्र धाडलेच, तर घेणाऱ्याने ते बेशक नाकारावे, कारण धन्याने आधीच सांगून ठेवले आहे की येथे उत्तर घेतले जात नाही.

२५/ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तिन्ही ओळखी सक्तीच्या केल्या. १९८२ मध्ये नुसत्या शब्दावर चालणारी व्यवस्था बेचाळीस वर्षांनी परवान्याकडे आली. यात लाभ आहे, तशी चिंताही. कार्ताझ चोरांना अडवण्यासाठी आहे असे पोर्तुगीज म्हणत. प्रत्यक्षात त्याने समुद्र कोणाचा हे ठरवले. स्वतःचा लहानसा टपाल-सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेला आज दोन-तीन बलाढ्य कंपन्यांच्या नाक्यावर उभे राहावे लागते, हे विसरून चालणार नाही.

२६/ तरीही परतीच्या पत्त्याची तपासणी या सर्वांत निराळी ठरते. ती पाठवणाऱ्याचे नाव, प्रतिष्ठा, आकार यांतले काहीच पाहत नाही. एवढेच विचारते: तुम्हाला उत्तर पाठवायचे झाले, तर ते पोहोचेल का? घोडबंदरच्या खाडीत आज परवाने तपासणारे कोणी नाही. टेकडीखालच्या रस्त्यावरून वाहने धावतात आणि त्यांतल्या प्रत्येक खिशात दिवसभर पत्रे येत राहतात. त्यांतली कितीतरी खिशापर्यंत पोहोचण्याआधीच, एका ओळीच्या चौकशीनंतर, दारातून परतवली जातात. तो नकार कोणाला दिसत नाही. तो टिकून राहण्यासाठी कोठेतरी कोणीतरी नोंदवही खरी ठेवत असते.

(समाप्त)